छपराचे इस्टिमेट

(मंडळाच्या वैशाखातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात ह्याच जागी ज्ञानेश्वरीवर निरूपण झाले. त्यानंतर कौले, वासे आणि पत्रे ह्यांवर बोलायला उभे राहायचे म्हणजे जरा संकोच वाटतो. पण कार्यकारिणीने आम्हांला उभे केले त्याला कारण आहे, आणि ते कारण तुमच्या डोक्यावरच आहे. उजव्या कोपऱ्यात वर पाहा. तो पिवळा डाग गेल्या श्रावणातला. तिथे खाली बादली ठेवून आपण भजन केले, आणि बादलीत पडणाऱ्या थेंबांचा ताल तबल्याशी जुळेना म्हणून हसलोही. यंदा हसू येणार नाही. आतले लाकूड आता फुगले आहे.

दुरुस्तीसाठी कार्यकारिणीने तीन ठिकाणांहून इस्टिमेट मागवले. पहिल्यात लिहिले आहे, 'हॉलचे छप्पर काढून नवीन करणे, मालमजुरीसह, रु. ४,८५,०००.' एवढेच. दुसऱ्यात चौरस फुटाला २६० रुपये दर आहे, 'प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे'. फूट किती ते नाही, छप्पर कसले तेही नाही. तिसरे मोबाइलवर आले आहे : ३,९०,०००, 'लाकूड सोडून'. सेक्रेटरींनी आम्हांला विचारले, ह्यांतले स्वस्त कोणते? आम्ही तिन्ही कागद घरी नेले, दोन रात्री समोर ठेवून बसलो, आणि तिसऱ्या दिवशी येऊन सांगितले की सांगता येत नाही. ते म्हणाले, "मग वीस वर्षं तुम्ही खात्यात करता काय?" आजचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजा.

खात्यात आम्ही हेच करतो. डिप्लोमा झाल्यापासून इस्टिमेट लिहिणे, मोजमापे घेणे, एम. बी. भरणे ह्यांतच आमचे डोळे गेले. शाळेच्या खोल्या, आरोग्य केंद्राची दुरुस्ती, कुठे विश्रामगृहाचे छप्पर. सरकारी इस्टिमेटची टवाळी खूप होते आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. पण त्याची रचना ज्याने केली तो माणूस शहाणा होता. त्यात दोन कागद वेगळे असतात. एक मोजमापाचा : नग, लांबी, रुंदी, उंची आणि त्यांचा गुणाकार. दुसरा गोषवारा : तेच परिमाण, त्याचा दर आणि रक्कम. पहिला कागद हातात टेप असलेल्या कुणालाही तपासता येतो. दुसरा बाजारात दोन दुकाने फिरून तपासता येतो. रक्कम पटली नाही तर घोळ फुटांत आहे की दरात, हे तरी कळते. एका ओळीच्या इस्टिमेटात दोन्ही एकत्र कालवलेले असतात. मग वाद फुटांशी होत नाही, दराशीही होत नाही, समोरच्या माणसाशी होतो.

तो कसा होतो हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. खानापूर तालुक्यात आमचे मूळ घर आहे. थोरले चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, तिथे राहतात. आजोबांनी बांधलेले कौलारू घर, लांबी ४० फूट, रुंदी ३० फूट, मधे आढे, दोन बाजूंना दोन पाखी, मागे स्वयंपाकघराची पडवी. चौदा वर्षांपूर्वी छप्पर उतरवून नवीन करायचे ठरले. काम अर्थातच आमच्या सुतारकाकांना. त्यांच्या वडिलांनी आजोबांबरोबर ते घर उभे केले होते. गणपती ज्या चौरंगावर बसतो तो त्यांच्या हातचा. दरवर्षी चतुर्थीला आरतीला ते हजर असायचे आणि नैवेद्याचे पान त्यांच्यासाठी काढून ठेवलेले असायचे. अशा माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान करणे, असे तात्यांना वाटले. आम्हांलाही वाटले, हे आधी कबूल करतो. आम्ही त्या वेळी तिथेच बसलो होतो. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तात्यांनी लिहिले : 'छप्पर उतरवून नवीन करणे, उक्ते, रु. १,१०,०००. आगाऊ ४०,०००.' खाली दोघांच्या सह्या. ऑफिसात पंधरा पानांचे इस्टिमेट लिहिणाऱ्या आम्ही ती पत्रिका हातात घेतली, वाचली आणि चहा प्यालो.

पुढे काय झाले ते सांगतो, पण आधी ती पत्रिका कुठे कुठे फसवी होती ते पाहू. फसवी म्हणजे कुणी फसवले म्हणून नव्हे.

पहिली गोष्ट, मोजमाप. तात्या म्हणाले होते, "घर चाळीस बाय तीस, म्हणजे बाराशे फूट." सुतारकाकांनीही तेच धरले. पण बाराशे फूट ही जमीन झाली. छप्पर भिंतीबाहेर वळचणीला चारी बाजूंनी दोन दोन फूट गेलेले होते. म्हणजे लांबी ४४ आणि रुंदी ३४. रुंदीचा अर्धा भाग १७ फूट. आता छप्पर आडवे नसते, उतरते असते. आमच्या घराचा उतार दोन फुटांना एक फूट होता. अशा उतारावर १७ फूट आडव्या अंतराची तिरकी लांबी १९ फूट भरते. एक पाखे १९ गुणिले ४४, दोन मिळून १,६७२ चौरस फूट. बाराशे आणि सोळाशे बाहत्तर! चारशे बाहत्तर फूट छप्पर त्या पत्रिकेवर नव्हतेच. त्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे होते?

घाटाकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पाऊस जास्त म्हणून उतारही जास्त ठेवतात. तेच घर ४५ अंशांच्या उताराचे असते तर छप्पर २,१०० फुटांच्या वर गेले असते. म्हणून 'शेजाऱ्यांनी एवढ्यात केले' ह्या वाक्याला छपराच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. शेजाऱ्यांच्या घराची फरशी तुमच्याएवढी असेल, छप्पर नसेल.

वर चढून मोजणे सगळ्यांना जमत नाही. त्याला सोपी युक्ती आहे. अंगणात उभे राहा आणि कौले मोजा. आपल्याकडच्या मंगळुरी पद्धतीच्या कौलाचा उघडा राहणारा भाग साधारण साडेबारा इंच उभा आणि सव्वाआठ इंच आडवा असतो. वळचणीच्या ओळीत कौले किती, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळी किती, एवढे मोजले की झाले. आमच्या घराला एका ओळीत ६४ कौले आणि १८ ओळी आहेत. दोन पाख्यांची मिळून २,३०४. शंभर चौरस फुटाला साधारण १४० कौले हा ठोकताळा लावला तरी आकडा तेवीसशेच्या आसपासच येतो. त्यावर फुटतुटीसाठी शेकडा पाच धरा. लहान मुलांनाही हे काम देता येते. गणिताचा तास होतो, आणि वानरांनी किती कौले फोडली तेही कळते.

रिपांचा हिशोब तर आणखी सोपा. दोन रिपांत फुटापेक्षा किंचित जास्त अंतर असते, म्हणून रिपांची लांबी फुटांत काढली की ती छपराच्या चौरस फुटांच्या जवळपासच येते. आमच्या घराला १,६७२ फूट छप्पर आणि तेवढीच फूट रीप. सुतारकाकांनी बाराशे फूट रीप आणली होती. ती संपली तेव्हा अर्ध्याहून जास्त छप्पर झाले होते, आणि तात्यांना वाटले की माल दुसरीकडे गेला.

रिपेवरून आठवले. आमच्या इंग्रजी इस्टिमेटांत 'रीपर' असा शब्द येतो. नोकरीला लागलो तेव्हा आम्हांला वाटायचे हा साहेबाचा शब्द. तो मराठीच. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ साली निघाला. त्यात हा शब्द मराठी रीप ह्यावरून सांगितला आहे. साहेबाने आपल्या गवंड्या-सुतारांकडून तो उचलला, इस्टिमेटात घातला, आणि आज आपण इस्टिमेटात तो पाहून बिचकतो. मुद्दा असा की घरचे इस्टिमेट इंग्रजीत असले पाहिजे असे काही नाही. कौले, कोने, आढे, वासे, रिपा, पन्हळ, वळचण, हे शब्द आपले आहेत आणि सुतारालाही तेच कळतात. उलट आपण 'रूफिंग वर्क कम्प्लीट' असे लिहितो तेव्हा कुणालाच काही कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, माल कसला. 'नवीन वासे' एवढे लिहून भागत नाही. आमच्या छपराला दोन फुटांवर एक असे एका पाख्याला २३, म्हणजे ४६ वासे आहेत, प्रत्येकी १९ फूट. चार बाय तीन इंचाचे धरले तर ७३ घनफूट लाकूड लागते, चार बाय अडीचचे धरले तर ६१. अर्ध्या इंचाच्या मागे बारा घनफूट! लाकूड कोणते, सागवान, नाणा की बाजारातले मलेशियन साल, आणि माप रंधा मारण्याआधीचे की नंतरचे, हे लिहिले नाही तर दोन इस्टिमेटांची तुलनाच होत नाही. कौलांचेही तसेच. आपल्या भागात खानापूरच्या मातीची कौले पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, मंगळूरकडचीही आहेत. कौल उलटे करून पाहा, खाली कारखान्याचा शिक्का असतो. एका शिक्क्याच्या कौलाची खाच दुसऱ्या शिक्क्याच्या कौलात नीट बसेलच असे नाही, आणि नाही बसली तर तिथून पाणी येते. ज्यांचे कारखाने बंद झाले त्यांची कौले आता पाडलेल्या घरांतूनच मिळतात, आणि ती शोधायला वेळ लागतो. म्हणून 'फुटलेली कौले बदलणे' असे न लिहिता 'जुन्याच शिक्क्याची, मालकाने आणून द्यायची' किंवा 'सर्व नवीन, एकाच शिक्क्याची' असे लिहावे.

ज्यांना कौले नकोत, पत्रे हवेत, त्यांनी तर फारच जपून लिहून घ्यावे. आपल्या हॉलला बहुधा तेच करावे लागेल. पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, आणि ती रंगासकट की नुसत्या पोलादाची तेही विचारा. खालचा लोखंडी सांगाडा किलोवर असतो. ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला सुमारे २.४ किलो भरतो, ३ मिलिमीटरचा असेल तर सुमारे ३.५ किलो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रंग दिल्यावर तर आम्हांलाही ओळखू येत नाहीत. एकावर एक चढलेल्या पत्र्याचे क्षेत्रफळ दोनदा धरले आहे की नाही, स्क्रूला रबरी वॉशर आहे की नाही, कडेची पट्टी आणि आढ्यावरची टोपी दरात आहे की वेगळी, हे विचारायला लाजू नका. विचारल्याने चांगला कामगार रागावत नाही. बहुतेक वेळा त्याला बरेच वाटते.

तिसरी गोष्ट आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही. ती म्हणजे उघडल्याशिवाय न कळणारे काम. नवीन बांधकामाचे इस्टिमेट नकाशावरून करता येते. जुन्या छपराचे करता येत नाही. कौले उतरवेपर्यंत कोणत्या वाशाला वाळवी लागली आहे, आढ्याचे भिंतीत गेलेले टोक कुजले आहे का, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी इस्टिमेट करणाऱ्यापुढे दोनच रस्ते राहतात. एक तर तो सगळे कुजलेले धरतो आणि रक्कम फुगते. नाहीतर सगळे चांगले धरतो, काम मिळवतो आणि नंतर जास्तीचे मागतो. पहिल्याला आपण महाग म्हणून काढून टाकतो. म्हणजे दुसरा रस्ता आपणच त्याला दाखवतो.

ह्यावर तोडगा असा. जे दिसत नाही त्याची रक्कम लिहू नये, त्याचा दर लिहावा. 'खराब निघालेले वासे बदलणे, अमुक जातीचे लाकूड, अमुक माप, मजुरीसह, दर घनफुटास इतके रुपये. उघडल्यावर मालक आणि सुतार दोघांनी मिळून नग मोजायचे, खडूने खूण करायची, मगच वासा उतरवायचा.' बस. अंदाजाने दहा वासे धरा, त्याची रक्कम खाली वेगळी दाखवा. चार निघाले तर चारांचे पैसे, सतरा निघाले तर सतरांचे. आमच्या घरी सतराच निघाले.

वैशाखाचा शेवटचा आठवडा होता. एका पाख्याची कौले उतरवून अंगणात रचली होती. सुतारकाकांनी तात्यांना कुजलेले वासे दाखवले आणि आणखी पैसे लागतील असे सांगितले. तात्या म्हणाले, उक्ते म्हणजे उक्ते. काका म्हणाले, उक्ते छपराचे होते, वाळवीचे नव्हते. दोघांचेही खरे होते, पत्रिकेवर दोन्ही नव्हते. तीन दिवस काम थांबले. चौथ्या दिवशी दुपारी वळीव आला, आणि असा आला की अर्ध्या तासात माजघरात पाणी उभे राहिले. भाताची पोती भिजली, आजीचे अंथरूण भिजले. तात्या ओसरीत उभे राहून जे बोलले ते आम्ही इथे सांगणार नाही. सुतारकाकांनी भर पावसात वर चढून ताडपत्री बांधली, खाली उतरले, हत्यारांची पेटी सायकलला लावली आणि गेले. तोवर त्यांना ६५,००० रुपये मिळाले होते. उरलेले काम शहरातून माणसे आणून मृगाआधी कसेबसे उरकले, आणि ते महागच पडले. गावात मात्र असे पसरले की सुतार पैसे घेऊन काम टाकून गेला.

खात्यातली एक सवय आम्हांला आहे. कुठेही काम चालू असले की आकडे वहीत उतरवायचे. त्या सुट्टीतही आम्ही उतरवले होते : किती रिपा बसल्या, किती वासे बदलले, किती कौले उतरवली, कोने किती फूट. वही कपाटात पडून होती. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी ती काढली आणि सहज हिशोब मांडला. त्यांनी केलेले काम आणि आणलेला माल त्या वेळच्या बाजारभावाने ७६,५०० रुपयांचा होता. म्हणजे पैसे घेऊन ते गेले नव्हते. साडेअकरा हजार सोडून गेले होते.

हे तात्यांना सांगायला आम्हांला महिना लागला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे काढून आमच्या हातात दिले आणि म्हणाले, "तूच जा." आम्ही सुतारकाकांच्या घरी गेलो, वही उघडून एक एक बाब वाचून दाखवली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, "तू तर सरकारात ह्येच लिवतोस न्हवं? मग तवाच का लिवलं न्हाईस?" पैसे त्यांनी न मोजता खिशात ठेवले. मागच्या पडवीच्या सांध्यातून पाणी येते का, असे विचारले. येते, म्हटल्यावर तिथे पन्हळ किती रुंद हवी ते बोटांनी दाखवले. चतुर्थीला मात्र ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा मुलगा येतो, आरतीला उभा राहतो आणि प्रसाद घेऊन जातो. ते आता नाहीत. चौरंग अजून तोच आहे.

पडवीचा सांधा म्हणजे आमच्या यादीतली पुढची बाब. छप्पर मधोमध सहसा गळत नाही. ते सांध्यांत गळते. छप्पर भिंतीला भिडते तिथे, दोन पाखी आत मिळतात त्या पन्हळीत, आढ्यावरच्या कोन्यांखाली, धुराड्याभोवती. चौरस फुटांच्या दरात ह्या जागा कुठेच दिसत नाहीत, म्हणून त्या रनिंग फुटांत वेगळ्या लिहाव्या. कोने ४४ फूट, पन्हळ इतके फूट, पत्रा कसला, रुंदी किती, भिंतीत किती खोल घालणार. खरा कारागीर कोण हे ओळखायचे असेल तर त्याच्या इस्टिमेटात ह्या ओळी आहेत का ते पाहा.

मग येते ती वगळलेल्या कामांची ओळ. 'ह्यात धरलेले नाही', असा मथळा देऊन लिहावे. परात किंवा बांबूची पाड कुणाची? उतरवलेली कौले कुणाच्या मालकीची? राडारोडा टाकायचा कुणी? वीज, पाणी, ताडपत्री कुणाची? पाऊस आला तर ताडपत्री कुणी बांधायची आणि आतले सामान भिजले तर काय? जी. एस. टी. धरून की सोडून? पैसे किती टप्प्यांत आणि कोणत्या कामानंतर? हा दर किती दिवस चालेल? ह्यांतल्या प्रत्येकाला एकच ओळ पुरते.

सरकारी इस्टिमेटातून एक मात्र उचलू नका. आमच्याकडे प्रत्येक बाबीच्या शेवटी 'सर्व ने-आण व चढउतारासह, प्रभारी अभियंत्याच्या निर्देशानुसार पूर्ण' असे शेपूट असते. तुमच्या घरी प्रभारी अभियंता नसतो. तिथे ते शेपूट लावले की निर्देश कुणाचा ह्यावरच जुंपते. आणखी एक गोष्ट मात्र जरूर उचला. एम. बी.मध्ये खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. कामाच्या मध्यावर काही बदलले, तीनाऐवजी चार खिडक्यांवर पडवी काढली, तर त्याच कागदावर तारीख घालून लिहायचे आणि दोघांनी सही करायची. फोनवरचे बोलणे चार दिवसांत दोघांनाही वेगळे आठवते.

इथे बसलेल्यांपैकी काही जण स्वतः ठेकेदारी करतात, काहींची मुले ह्या धंद्यात आहेत. त्यांचीही बाजू आम्हांला माहीत आहे. परवाच एक तरुण म्हणाला, "सगळं लिहिलं की कागद दोन पानांचा होतो, रक्कम मोठी दिसते, आणि गिऱ्हाईक एका ओळीवाल्याकडे जातं." खरे आहे. जो प्रामाणिकपणे पन्हळ, पाड, राडारोडा सगळे लिहितो तो महाग ठरतो, आणि जो लिहीत नाही तो स्वस्त. ह्यात चूक त्या पोराची नाही. तीन जणांकडून तीन तऱ्हेचे कागद घेऊन आपण फक्त खालचा आकडा वाचतो, ती चूक आपली आहे. बाबींची यादी आपणच तयार करायची, मोजमाप आपणच घालायचे, दराचा रकाना कोरा ठेवायचा आणि तीच यादी तिघांनाही द्यायची. मग कुणाचा दर कुठे जास्त आहे हे घरातल्या दहावीच्या मुलालाही वाचता येईल, आणि लिहिणाऱ्याला लिहिल्याची शिक्षा होणार नाही.

आपल्या हॉलच्या बाबतीतही आम्ही कार्यकारिणीला तेच सुचवले आहे. तिन्ही कागद परत पाठवावेत, कुणालाही दोष न देता. आपण मोजून यादी करू, तिघांकडून पुन्हा दर मागवू. कोरी यादी कशी असते त्याचा दोन पानांचा नमुना आम्ही मराठीत लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांच्या घरी यंदा शाकारणी आहे त्यांनी जरूर न्यावा. त्यात एक ओळ जास्तीची आहे, ती सुतारकाकांनी बोटांनी दाखवलेल्या पन्हळीच्या रुंदीची.

मृग लागायला आता महिनाही उरलेला नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, उन्हाच्या आधी, आम्ही टेप आणि वही घेऊन ह्या छपरावर चढणार आहोत. शिडीची सोय सेक्रेटरींनी केली आहे. टेपचे दुसरे टोक धरायला एक आणि खाली उभे राहून कौले मोजायला दोन माणसे हवी आहेत. नावे आजच बाहेरच्या फळ्यावर लिहून जावीत.